इर्मा अक्काचा मुराई

वैशाखात खानदेशात फिरायला येऊ नका, असं मी बाहेरच्या पाहुण्यांना नेहमी सांगतो. यंदा मात्र ऐन वैशाखात, आखाजी तोंडावर आलेली असताना, मीच जळगावहून धुळ्याला आणि तिथून पुढे साक्रीच्या पलीकडे जाऊन आलो. निमित्त झालं जर्मन भाषेचं.

मी शिकलो भडगाव तालुक्यात, गिरणाकाठच्या गावातल्या शाळेत. जर्मनी नकाशात कुठे आहे हे गुरुजींनी छडीने दाखवलं होतं, तेवढीच ओळख. पुढे जळगावात पाइपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायला लागलो. तिथे जर्मनीहून यंत्रं आली आणि सुट्या भागांच्या खोक्यांवरची नावं वाचता येईनात. त्यापायी एक जुना शब्दकोश घेतला. मग रेडिओवरचे धडे ऐकायला लागलो. खोक्यांपुरती भाषा तर लवकरच आली होती, पण तोवर गोडी लागली होती.

त्या भाषेत एक शब्द आहे, हाइमवे. घराची आठवण येऊन जे दुखतं ते. आणि त्याला जोडून दुसरा, फेर्नवे. दूर कुठेतरी जावंसं वाटून जे दुखतं ते. दुखणं एकच, पण दिशा दोन, हे मला फार आवडलं. डॉख म्हणून एक चिमुकला शब्द आहे. कोणी म्हणालं, 'तू जेवला नाहीस', तर नुसतं 'डॉख' म्हणायचं, की त्याचं 'नाही' पुसलं जातं. आपल्या 'जेवलो की' मधला 'की' त्याच्या जवळ जातो, पण आपला 'की' एकटा उभा राहत नाही. यंत्रं बसवायला आलेल्या जर्मन फिटरला मी एकदा 'उष्टं' म्हणजे काय ते सांगायला गेलो आणि अर्धा तास सांगूनही जमलं नाही. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे उरलेलं." मी म्हणालो, "नाही." त्यावर दोघेही हसलो. सकाळची पूजा झाल्यावर घटकाभर जे समाधान असतं, तसंच काहीसं मला एखादा नवा शब्द हाती लागला की वाटतं. यापलीकडे या विद्येचा मला काही उपयोग नव्हता.

तर आखाजीच्या आधल्या आठवड्यात कारखान्यात धुळ्याहून फोन आला. एका जुन्या मिशन दवाखान्याच्या मेट्रनबाई बोलत होत्या, आमच्याकडे कोणाला तरी जर्मन येतं हे त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांच्याकडे एक म्हातारी जर्मन नर्स होती, सिस्टर इर्मा. उभा जन्म साक्रीकडच्या धामणदर गावात दवाखाना चालवत राहिलेली. तिला अर्धांगाचा झटका आला, आणि उठून बसली तेव्हा मराठी गेली, अहिराणी गेली, जिभेवर नुसती जर्मन राहिली. तिला काय हवं ते कोणालाच कळत नव्हतं.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "इतकी वर्षं रेडिओशी बोललात. आता जरा माणसाशी बोलून बघा." आणि दशम्यांचा डबा हातात दिला.

पहाटेची एस.टी. धरली. या रस्त्याने सकाळी जाणाऱ्याने उजवीकडची खिडकी धरावी, ऊन डावीकडून येतं. भाडं पंचवीस रुपयांच्या आत आहे. पाळधी, एरंडोल, पारोळा. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं आणि मधूनच एखादा निंब, स्वतःच्याच सावलीत उभा. पारोळ्याला गाडी थांबते, तिथली भजी बरी असतात, चहा फार गोड.

गाडी माहेरवाशिणींनी भरली होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्याकडे तो लेकींचा सण. सासरी गेलेली लेक या सणाला माहेरी यायलाच हवी, आणि तिने आपली आपण यायचं नाही. माहेरचा कोणीतरी न्यायला जातो, बहुतेक भाऊ. त्याला देशावर मुराळी म्हणतात, आमच्या बोलीत मुराई. माझ्या पुढच्या बाकावर अशीच एक जोडी होती. बहीण कडेवरच्या पोराला थोपटता थोपटता भावाला झापत होती.

"गये साल तू उना नही. मी बठ्ठा दिन वाट देखी."

"अवं, बैल आजारी व्हता."

"मंग तू बैलना भाऊ शे. मना नही."

आसपासचे सगळे हसले. भाऊही हसला, पण कानापर्यंत लाल झाला होता.

धुळ्यात उतरलो तेव्हा डांबर चिकटत होतं. पांझरेत पाण्याची रेघ तेवढी. दवाखाना गावाच्या कडेला, दगडी, थंडगार, चिंचेच्या सावलीत. मेट्रनबाई नाशिककडच्या, साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी आधी माठातलं पाणी दिलं आणि मग सगळं सांगितलं.

"भाऊ, पुण्याहून एक बाई येऊन गेल्या. जर्मन शिकवतात त्या. त्या म्हणाल्या, सिस्टर एकच विचारताहेत, भाऊ कधी येणार. आम्ही तिकडे त्यांच्या भाचीला कळवलं. ती म्हणाली, मामा लढाईतच गेला, मी पाहिलासुद्धा नाही. म्हणजे सिस्टरांचं मन लहानपणात गेलंय. मग संस्थेने ठरवलं, जर्मनीला पाठवायचं. तिथे म्हाताऱ्या सिस्टरांसाठी घर आहे. निदान बोललेलं कोणाला कळेल तरी."

"गावी नाही का पाठवता येत?"

"तेच आधी केलं. जीप आणून दारात उभी केली. बसेचनात. खाटेचा दांडा धरून उभ्या राहिल्या. आम्ही समजलो, गावी जायचं नाही त्यांना. या शनिवारी मुंबईहून माणूस येतोय न्यायला. कागद सगळे तयार आहेत. पण एकदा नीट विचारल्याशिवाय पाठवायचं मन होत नाही माझं. इतकी वर्षं इथे राहिलेलं माणूस आहे ते."

"गावातलं कोणी येत नाही?"

"एकदा आले होते चार-पाच जण. बाहेर चिंचेखाली बसले, बघून गेले. बोलले काहीच नाहीत."

सिस्टर इर्मा खाटेच्या कडेला बसून होत्या. पांढरं पातळ, पांढऱ्या केसांचा बारीक अंबाडा, डावा हात मांडीवर ठेवून दिलेला. शेजारी कापडी पिशवी, कपडे भरून बांधलेली. रोज सकाळी अशाच तयार होऊन बसतात, मेट्रनबाई म्हणाल्या.

मी मनातल्या मनात विठ्ठलाचं नाव घेतलं आणि जर्मनमध्ये नमस्कार सांगितला. माझं नाव, गाव, जळगावहून आलो, वगैरे. त्यांनी मान वर केली. चेहऱ्याची एक बाजू हसली.

"तुम्ही बातम्या दिल्यासारखं बोलता," त्या म्हणाल्या.

खरंच होतं ते. मी रेडिओकडूनच शिकलो होतो. त्यानंतर मात्र त्यांनी तोच प्रश्न विचारला. "वान कोम्ट डेअर ब्रूडर?" भाऊ कधी येणार?

पुण्याच्या बाईंनी ऐकलं तेच मीही ऐकलं, आणि मला जे योग्य वाटलं ते बोललो. शक्य तितक्या हळू आवाजात म्हणालो, "सिस्टर, तुमचा भाऊ आता नाही. तो यायचा नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं गुरुजी मठ्ठ मुलाकडे पाहतात.

"डॉख," त्या म्हणाल्या.

पुस्तकात वाचलेला तो शब्द कोणी मला उद्देशून म्हणताना मी पहिल्यांदा ऐकत होतो. मग त्या अडखळत, उजव्या हाताने हवेत आकार काढत सांगू लागल्या. त्याची आणि आपली आई एकच असावी लागत नाही. तो सकाळी येतो. डोक्यावर पांढरी टोपी असते. दाराशी बसतो, पाणी दिल्याशिवाय आत येत नाही. तो ज्यांच्या घरी आला त्यांना विचारतो, आणि मग मुलीला घेऊन जातो. दर वर्षी येतो. लोकांनी धाडलेल्या मोटारीत बसून कोणती मुलगी जाते? मुलगी वाट पाहते. एवढं सांगून त्या कपाळावर बोट आपटत म्हणू लागल्या, "त्याला शब्द आहे. एक शब्द आहे. एकच."

मला एस.टी.तली ती जोडी आठवली. पुण्याच्या बाईंचं जर्मन माझ्यापेक्षा कितीतरी शुद्ध असणार. पण पुढच्या बाकावरची बहीण त्यांना दिसलेली नव्हती.

"मुराई," मी म्हणालो.

सिस्टरांनी माझं मनगट धरलं. "मुराई," त्या म्हणाल्या, स्वच्छ, आमच्या बायका म्हणतात तशा. आणि डोळे मिटून घेतले.

तरी मी सरळ विचारून घेतलं, मागाहून शंका नको म्हणून. जर्मनी की धामणदर? त्या म्हणाल्या, "तिथे आता न्यायला येणारं कोण आहे?" धामणदर हे नाव त्यांनी स्वतःच घेतलं, दोनदा.

मेट्रनबाईंना सगळं सांगितलं. त्या लगेच उठल्या. "मग सोपं आहे. जीप धाडते आणि गावातून माणूस आणवते."

"बाई, आणवलेला माणूस मुराई नसतो. तो आपण होऊन यावा लागतो."

"आणि त्यांना कळणार कसं?"

"निरोप द्यायला हरकत नसते. मी जातो उद्या."

"शनिवारच्या आत मात्र," बाई म्हणाल्या. "नंतर माझ्या हातात राहणार नाही."

स्टँडजवळच्या लॉजवर मुक्काम केला. खोली साधी, पण चादर धुतलेली होती. समोरच्या खाणावळीत शेवभाजी आणि ज्वारीची भाकरी, कांदा हवा तितका. झणझणीत शेवभाजी सोसत नसेल त्याने आधीच सांगावं, नंतर सांगून उपयोग नसतो. सकाळी नदीकाठी एकवीरा देवीचं दर्शन घेतलं. ही पुष्कळ खानदेशी घरांची कुलदेवता, आमचीही. मी सहसा काही मागत नाही. त्या दिवशी मागितलं.

साक्रीची गाडी कुसुंबा, नेर करत जाते. नेरनंतर हवा किंचित हलकी होते, डोंगर दिसायला लागतात. साक्रीहून धामणदरच्या फाट्यापर्यंत काळीपिवळी जीप, माणसं टपावरसुद्धा. फाट्यापासून चालत. कोणाला या बाजूला यायचं असेल तर दिवाळीनंतर यावं, ओढ्यांना पाणी असतं आणि हरभरा उभा असतो. वैशाखात टोपी, पाणी आणि खिशात कांदा, याशिवाय निघू नये.

गावात शिरताना पहिलं लागतं ते सिस्टरांचं दवाखान्याचं घर. कुलूप होतं, पण ओटा सारवलेला होता. कोणीतरी रोज सारवत असावं. मी विचारलं, सिस्टरांना, म्हणजे गावाच्या इर्मा अक्काला, आखाजीला न्यायला कोण जायचं? पोरांनी थेट सुकलाल आबांच्या दारात नेऊन उभं केलं.

सत्तरीचे आबा निंबाखाली दोर वळत बसले होते. त्यांच्या बायकोला सगळं गाव जिजी म्हणतं. ती खाटेवर कापड पसरून त्यावर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होती. पाणी झालं, गूळ झाला. मग आबांनी गोष्ट सांगितली.

सिस्टर नव्याने गावात आल्या त्या वर्षीची आखाजी. घरोघर लेकी आलेल्या, निंबांना झोके बांधलेले, गाणी चाललेली. आणि ही एकटी आपल्या ओट्यावर बसलेली. आबांच्या आईने पाहिलं. आबा तेव्हा तरणे होते. आई म्हणाली, टोपी घाल आणि जा, तिले लई ये. आबा दोन गल्ल्या ओलांडून गेले, ओट्यावर बसले, सिस्टरांनी पाणी दिलं, आणि आबा त्यांना घरी घेऊन आले. तेव्हापासून दर वर्षी. दोन गल्ल्यांचं माहेर. सणानंतर आबाच परत पोचवायला जायचे.

"मग यंदा का नाही गेलात, आबा?"

आबांनी दोर खाली ठेवला नाही. "आते ती तिना मानसंमा शे. गोरा लोक शेत, मोठा दवाखाना शे. आपन कोन? एक डाव आम्ही गऊत. ती माले देखीसन कायतरी बोलनी. माले काहीच समजनं नही. माले वाटनं, तिले तिना देश याद उना. मंग कसाले आडवा पडाना?"

जिजी बिबडीवरून मान वर न करता म्हणाली, "गावना बठ्ठा पोऱ्या तिना हातवर जलमनात. आन आते ती परकी व्हयनी का? मी कवयनी सांगी राहिनू, जा म्हनीसन. पन ह्या मानूसले जर्मनीनी भीती वाटस."

"तू गप बस वं."

"आबा," मी म्हणालो, "त्या दिवशी ती तुम्हाला काय बोलली, ते मी सांगू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ती विचारत होती, मुराई कधी येणार. रोज तेच विचारते. रोज पिशवी बांधून बसते."

दोर वळणारे हात थांबले. जिजीही थांबली. निंबाची पिकली पानं तेवढी खाली येत होती.

"कोठे शे मनी टोपी?" आबा म्हणाले.

जिजीने टोपी आणली, धुतलेलं धोतर आणलं, पेटीतून खण काढला, फडक्यात भाकरी आणि चटणी बांधली. उन्हं कलायच्या आत आम्ही फाट्यावर होतो. साक्रीहून धुळ्याची गाडी मिळाली. आबा खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर. नेर गेल्यावर त्यांनी विचारलं, "जर्मनमा मुराईले काय म्हनतस?"

"त्यांच्यात तसा शब्दच नाही, आबा."

"मंग तठे अंडेरले कोन लई जास?"

"लेक तिची तीच जाते."

"एकटी?"

"हो."

आबांनी मांडीवरची पिशवी सावरली. "बाप्पा," एवढंच म्हणाले.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. आबा सिस्टरांच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर, फरशीवर मांडी घालून बसले. टोपी नीट केली. आत खाटेकडे पाहिलंसुद्धा नाही. सिस्टरांनीही हाक मारली नाही. नुसती पाठ ताठ केली.

"आबा, तिथे काय बसलात? आत या ना," मेट्रनबाई म्हणाल्या.

मी त्यांच्या कानाशी सांगितलं, "पाणी तुमच्या हातून लागेल. इथलं घर तुमचं."

बाई स्वतः गेल्या. तांब्या-पेला घेऊन आल्या, दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून गुळाचा खडाही आणला. आबांनी गूळ खाल्ला, पाणी प्यायले, पेला खाली ठेवला आणि हात जोडले.

"आखाजी उनी, बाई. अंडेरले लई जाऊ का?"

त्या बाईंपुढे मुंबईहून येणारा माणूस होता, तयार कागद होते, वर जबाब द्यायचा होता. ते सगळं त्यांच्या तोंडावर दिसलं. मग त्यांनी पदर नीट केला. "न्या, आबा," त्या म्हणाल्या. "संस्थेला काय सांगायचं ते मी सांगते. पण औषधं वेळेवर द्यायची. आणि परत पोचवायला तुम्हीच यायचं."

"व्हय. मीच ईसू."

सिस्टर उठल्या होत्या. उजव्या हाताने पिशवी धरून, पाय ओढत उंबऱ्यापर्यंत आल्या आणि आबांना जर्मनमध्ये फाडफाड बोलायला लागल्या. मी भाषांतर करायला पुढे झालो. पण माझ्याकडे कोणीच पाहत नव्हतं. आबा मान खाली घालून ऐकत होते, आणि त्या दम घ्यायला थांबल्या तेव्हा म्हणाले, "व्हय माय, चुकनं मनं. उशीर व्हयना. चाल आते, जिजी वाट देखी राहिनी."

सकाळी तीच जीप दारात आली. आधी आबा बसले. मग सिस्टर कोणाचाही हात न धरता चढायला गेल्या, ते जमलं नाही, तेव्हा आबांचा हात धरून चढल्या.

मी दुपारच्या गाडीने जळगावला परतलो. घरी लेक आली होती, खापरावरचे मांडे आणि आमरस होता. सगळ्यांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं. रात्री शब्दकोश काढून बसलो, मुराईसाठी काही सापडतं का बघायला. न्यायला येणारा, सोबत करणारा, वाटाड्या, असे बरेच शब्द मिळाले. एकही उंबऱ्याबाहेर बसत नव्हता. शब्दकोश मिटला, पण वाईट वाटलं नाही. इतकी वर्षं मी परक्या शब्दांच्या मागे लागलो होतो, त्यात माझ्याच गावचा एक शब्द मला परक्या बाईने समजावून दिला. लहानपणापासून तो मी वापरत होतो. त्यात किती माणसं उभी आहेत ते मोजलं नव्हतं.

मुंबईचा माणूस शनिवारी आला आणि परत गेला. मेट्रनबाईंना वरून बोलणी बसली असावीत, त्या मला फोनवर काही बोलल्या नाहीत. पुढचं मला आबांच्या पुतण्याकडून कळतं. तो पाइप घ्यायला जळगावला येतो, तेव्हा स्टोअरमध्ये डोकावून जातो. सिस्टर जिजीच्या ओसरीवर असतात. जर्मनमध्ये बोलतात, जिजी अहिराणीत उत्तर देते, दिवसभर दोघींचं चालतं. ज्येष्ठात मेट्रनबाईंनी निरोप धाडला, सण होऊन गेला, सिस्टरांना कधी पोचवता? आबांनी कळवलं, पेरणी होऊ दे. श्रावणात पुन्हा निरोप गेला. आबा म्हणाले, कानबाईचा उत्सव होऊ दे, बसवलेल्या देवीपुढून लेक उठवू नये. परवा पुतण्या आला तो धुळ्यावरूनच आला होता. भादव्यातला निरोप घेऊन तोच दवाखान्यात गेला होता. आबांनी सांगून पाठवलं होतं, "पित्तरंना दिन शेत. ह्या दिनसमा अंडेरले कोनी धाडस का?"

"मग बाई काय म्हणाल्या?" मी विचारलं.

पुतण्या म्हणाला, "दिवाळीपर्यंतची औषधं बांधून दिली."